सेगरची गाडी, तवमणीचा अंगठा

माझ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल चांगलं सांगायचं तर तो दारू पीत नाही. झालं, संपलं. बाकी जे आहे ते मी सांगतो. मी अरुमै, त्याच्या बायकोचा सख्खा थोरला भाऊ, तेव्हा मी त्याची बाजू घेईन अशी आशा कोणी धरू नये.

त्याचं नाव गुणसेगरन. आमच्या बुंटोंगच्या तमिळ गल्ल्यांत सगळे सेगर म्हणतात. सकाळ-दुपार तो शाळेची पिवळी व्हॅन चालवतो, आणि इतकी सावकाश चालवतो की रस्ता ओलांडणारी कोंबडी थांबून त्याच्याकडे बघते. पोरांच्या आया त्याच्यावर खूश असतात. रविवारी मात्र हाच माणूस अंगणातली प्लास्टिकची ताडपत्री ओढून काढतो, खालून ती पांढरी, दोन दारांची सात्रिया गाडी बाहेर येते, आणि मग तो तापाहच्या घाटात जाऊन वळणावळणावर टायरांची सालटी काढून येतो. आठवडाभर दाबून ठेवलेला पाय तिथे मोकळा करतो म्हणे. लग्न झाल्या झाल्या त्याने ती गाडी घेतली. म्हणजे, त्याने घेतली असं तो म्हणतो. व्हॅनवाल्याला बँकेने दारातूनच वाटेला लावलं होतं. तवमणी हातमोज्यांच्या कारखान्यात होती, तिची पगाराची चिठ्ठी पक्की होती, म्हणून कर्ज तिच्या नावावर निघालं आणि गाडीही तिच्या नावावर लागली. हप्ते तिने फेडले. ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती आणि तिचं कोणालाच काही वाटत नव्हतं, मलासुद्धा. तवमणी डावीकडच्या सीटवर बसायची, आणि पहाटे कारखान्याच्या बससाठी कोपऱ्यावर उभी राहायची.

सेगरशी माझं वैर कसं जुंपलं तेही सांगतो. भाची वनमती तेव्हा वर्षाचीही नव्हती. तिचे कान टोचायचे होते, आणि आमच्यात कान टोचताना मूल मामाच्या मांडीवर बसतं. दुसऱ्या कोणाच्या नाही, मामाच्याच. त्यांचं कुळदैवत कॅमेरनच्या वाटेवर, एका चहाच्या मळ्यात. मी रेशमी वेष्टी, म्हणजे आमची लुंगी, नेसून तयार झालो आणि सेगर म्हणाला, मच्चान, म्हणजे मेहुणे, माझ्याच गाडीत चला. बसलो. त्या माणसाने मला घाट असा चढवला की देवळाच्या दारात उतरल्याबरोबर सकाळचे सगळे डोसे माझ्या वेष्टीवर आले. पुजाऱ्याने मला आत घेतलं नाही. ओकलेल्या माणसाच्या मांडीवर मूल कसं ठेवायचं? मुहूर्त टळत होता, म्हणून सेगरचा कोणी लांबचा चुलतभाऊ मांडी घालून बसला. भाचीचे कान परक्याच्या मांडीवर टोचले गेले. मी नळाखाली वेष्टी धूत उभा होतो आणि सेगर कोणाला तरी सांगत होता, "खाणीवर लॉरी चालवणाऱ्याला वेग सोसत नाही हो."

त्या दिवसापासून मी त्याच्याशी शब्द बोललो नाही. तोही बोलला नाही. पण नातं तुटत नाही, सणवार येतात, रविवारी बहिणीकडे जेवायला जावं लागतं. मग आम्ही तवमणीतून बोलायचो. तिघं एकाच चटईवर, ती वाढते आहे, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता तिला निरोप देतोय. माणसं हसायची, पण आमची पद्धत पक्की बसली होती. वनमती मोठी होऊन पेनांगला कॉलेजात गेली, तरी ती पद्धत मोडली नाही.

मग गाडी म्हातारी झाली. एका रविवारी सेगर घाटातून परत आला तो मागे निळा धूर सोडत. शेजारच्या शेंगदाणे भाजणाऱ्या बाईने धुण्याची दोरी आवरून घेतली. मला मनापासून आनंद झाला.

"तवमणी, माप्पिळ्ळेंना सांग," मी मटणाचा रस्सा भातावर घेत म्हणालो. जावईमाणसाला आमच्यात माप्पिळ्ळे म्हणावं लागतं, कितीही दात-ओठ खाल्ले तरी. "सांग, गाडी मेली आहे. तिला आता मातीआड करा आणि एक छोटी ऑटोमॅटिक घ्या. माणसांनी बसायची."

"अण्णा म्हणतात, इंजिन थकलंय," तवमणी म्हणाली.

"मच्चानना सांग, मेलेलं काय आणि जिवंत काय हे ओकणाऱ्यांनी मला शिकवू नये. यापच्या गॅरेजात जपानहून हाफकट आलाय. मोठं इंजिन आहे. ते बसवलं की ही गाडी नव्यांना धूळ चारेल."

"ते म्हणतात, इंजिन बदलायचा विचार आहे."

ही तिची खोड होती. आम्ही दोघं विष ओकायचो आणि ती त्याचं पाणी करून पुढे द्यायची. मला राग यायचा. मी इतका नेमका टोमणा शोधून आणायचो आणि तो पलीकडे पोचताना अगदीच बुळबुळीत होऊन जायचा.

हाफकट म्हणजे काय ते सांगतो. जपानमधल्या जुन्या गाड्या दारापाशी करवतीने कापतात आणि पुढचं अर्धं धड, इंजिनासकट, जहाजाने आमच्याकडे येतं. यापच्या गॅरेजामागे अशी धडं एकावर एक रचलेली असतात. खाटकाच्या दुकानात मुंडकी मांडावीत तशी. त्यातलं इंजिन काढून आपल्या गाडीत घालायचं आणि तोरा मिरवायचा. सेगर रोज व्हॅन संपली की तिथे जाऊन एका धडासमोर उभा राहायचा. याप मला म्हणाला, "तुझा माप्पिळ्ळे त्या इंजिनाला बायकोसारखं बघतो." मी म्हणालो, बायकोला त्याने असं कधी बघितलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं.

कारण माझ्या डोळ्यासमोर तवमणी होती. बसच्या कोपऱ्यावर पहाटेच्या पावसात उभी. कारखान्याची बस चुकली की मुकादम तिची हजेरी कापायचा, आणि नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणायचा, ती गाडी कारखान्यात जायची गाडी नाही. म्हणून मी तिला वाहन चालवायच्या शाळेत घातलं. आमच्याकडे ऑटोमॅटिकपुरता वेगळा परवाना मिळतो, सोपा असतो, त्याची फी मी भरली. सेगरने तोंड वाकडं केलं. "मच्चानना सांग, कपडे धुवायच्या मशीनचाही परवाना काढून द्या." मी दर वेळी तिला शाळेत सोडायचो आणि बाहेरच्या टपरीवर चहा पीत बसायचो. मैदानातली धूळ डोळ्यांत जायची म्हणून पाठ करून बसायचो. ती परवाना घेऊन बाहेर आली तेव्हा मला वाटलं, आता सेगरला पर्याय उरला नाही. घरात परवाना आला, आता ऑटोमॅटिक येणारच. एक बरी जुनी गाडी मी बघूनही ठेवली होती.

तवमणीला मी विचारलं नव्हतं. तिला सेगरनेही विचारलं नव्हतं. ती एकदा म्हणाली होती, "पण चालवणार कोण?" आम्ही दोघंही तेव्हा दुसरंच काहीतरी बोलत होतो.

मग यापने एक अडचण काढली. इंजिन बदललं की त्याचा नंबर वाहन कार्यालयात नोंदवावा लागतो, नाहीतर पोलिसांनी पकडली की गाडी गेलीच समजा. आणि नोंदवायला मालकाचा अंगठा लागतो. स्वतः येऊन, मशीनवर. सेगरचा चेहरा पडला ते मी डोळ्यांनी बघितलं. इतकी वर्षं ज्या गाडीवर त्याने हात फिरवला, तिचा मालक दुसरा आहे हे त्याला यापसारख्या मेकॅनिककडून ऐकावं लागलं. मी तर नाचायचा बाकी होतो.

"तवमणी, अंगठा द्यायचा नाही," मी तिला स्वयंपाकघरात गाठून म्हणालो. "ही संधी आहे. नाही म्हण. गाडी भंगारात जाईल आणि तुझी सुटका होईल."

ती डोशाचं पीठ फेटत राहिली. "अण्णा, सुटका कशातून?"

दुसऱ्याच आठवड्यात तिने सुट्टी घेतली, यापबरोबर जाऊन अंगठा दिला, आणि सात्रिया त्याच्या गॅरेजात उघडी पडली. मी तिच्या घरी जाऊन आरडाओरडा केला. त्या दिवशी मी जे बोललो त्यातलं निम्मं मला परत घ्यावंसं वाटत नाही.

"तू अंगठा दिलास? त्याला?"

"त्यांना नाही, कार्यालयात दिला. गाडी माझी आहे ना?"

"कागदावर!"

"हो. म्हणून कागदावरच दिला."

इंजिन बसलं. सेगर गॅरेजातून आला तो खूश, पण कुरकुरत. "यापचं वय झालं. मी रेसचा क्लच सांगितला होता, याने साधा मऊ बसवलाय. म्हणे, हाच बसतो. आणि सीट सारखी पुढे सरकलेली असते, कोण चाळा करतं कुणास ठाऊक." हे तो बायकोला सांगत होता, मी ऐकत होतो. तवमणी म्हणाली, यापला विचारते.

आता पूजा आली. ती टाळणं सेगरच्या बापाच्यानेही झालं नसतं. परदेशी गाडीचं अर्धं धड आणायचं म्हणजे ती कोणाची होती, त्यात कोण मेलं, काय ठाऊक? यापच्या गॅरेजातली बरीच धडं अपघातातलीच असतात. म्हणून इंजिन बदललं की गाडी पुन्हा देवळात न्यायची, चारही चाकांखाली लिंबं ठेवायची आणि चिरडत पुढे न्यायची, म्हणजे जे काही चिकटून आलं असेल ते तिथेच राहतं. माहेरचं ताट लागतं, म्हणून मलाही जावं लागलं. मी नारळ आणि विड्याची पानं घेऊन लॉरीच्या मालकाच्या स्कूटरवरून उतरलो आणि त्याला माघारी धाडलं. आमच्या देवळाबाहेर चपला चोरीला जातात, तेव्हा तिघांनीही चपला सात्रियाच्या डिकीत टाकल्या. ऊन नुकतं चढायला लागलं होतं.

पुजारी नवा होता, तिरुनेलवेलीकडून कराराने आलेला. आमच्या गल्लीतलं काही त्याला माहीत नव्हतं. गाडीला गंध लावून त्याने विचारलं, "मालकाचं नाव, नक्षत्र?"

सेगरने तोंड उघडलं. तवमणी आधी बोलली. "तवमणी. विशाखा."

"मग अम्मा, गाडी तुम्हीच न्यायची. लिंबं मालकाच्या हातून फुटली पाहिजेत."

सेगर हसला. "सामी, तिला गिअरची गाडी येत नाही."

मी संधी सोडणार होतो होय? "तवमणी, माप्पिळ्ळेंना सांग, म्हणूनच ऑटोमॅटिक घ्या म्हणून घसा कोरडा केला."

तिने निरोप पुढे दिला नाही. मला वाटलं ऐकलं नसेल, म्हणून मी पुन्हा म्हणालो. तिने साडीचा पदर खोचला, सेगरच्या हातातून किल्ली घेतली आणि आत बसली. सीट पुढे ओढली, एका झटक्यात, रोजच्या सवयीने. आरसा खाली केला. सेगरचं हसणं तिथेच थांबलं.

इंजिन सुरू झालं. मला गाड्यांतलं फार कळत नाही, पण तो आवाज छातीत बसला. चारही लिंबं फट् फट् फुटली आणि गाडी चार पावलांवर अलगद थांबली, एक धक्का न देता. पुजाऱ्याने हात जोडले.

तवमणीने काच खाली केली. "अण्णा, तुम्ही फी भरलीत ती ऑटोमॅटिकची. वरचे पैसे मी घातले आणि गिअरवर शिकले. तुम्ही पाठ करून बसला होतात." मग सेगरकडे बघितलं. "क्लच मी सांगितला यापला. चाचणीला त्याच्याबरोबर मीच न्यायचे गाडी. रेसचा क्लच कारखान्याच्या फाटकात चालत नाही."

"तवम्, खाली उतर," सेगर म्हणाला. "नवं इंजिन आहे, जळेल."

"माझी शिफ्ट आहे. उशीर होईल." तिने गिअर टाकला. "इतकी वर्षं तुमचे निरोप मी वाहिले. एकाची शिवी दुसऱ्याला गोड करून सांगितली. दोघांपैकी एकाने तरी विचारलं का, तुला काय हवं म्हणून? आता तुमचं तुम्ही बोला."

गाडी देवळाच्या फाटकातून बाहेर पडली. वळणावर इशाऱ्याचा दिवाही दिला तिने. मोठ्या रस्त्याला लागल्यावर आवाज चढला, एकदा खाली आला, पुन्हा चढला. सेगर मान वाकडी करून ऐकत होता. त्याचे ओठ हलले. "दुसरा गिअर बरोबर टाकला," तो म्हणाला, कोणालाच नाही.

पायाखालचं डांबर तापलं होतं. मी सवयीने बाजूला वळलो आणि म्हणालो, "तवमणी, माप्पिळ्ळेंना सांग की..." बाजूला पुजारी वाकून लिंबाच्या साली गोळा करत होता. त्याने वर बघितलं.

सेगर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता. बराच वेळ त्याने धीर धरला, मग माझ्याकडे थेट बघितलं.

"मच्चान, चपला?"

"डिकीत," मी म्हणालो.

वनमतीचे कान टोचल्यापासून मी त्या माणसाला तोंडावर बोललेला तो पहिला शब्द. त्यानंतर आम्ही दोघंही अनवाणी घरापर्यंत चाललो आणि वाटेत जे जे बोललो, ते मऊ करून सांगायला मधे कोणी नव्हतं.