कुरवंड्याच्या खाणीतला बर्फाचा कडा

कार्ल्याच्या प्रज्ञेश ओव्हाळला लहानपणी चित्रकार व्हायचं होतं आणि झाला डिझेल मेकॅनिक. त्याचं त्यानं कधी फार वाईट वाटून घेतलं नाही. इंजिन उघडलं तरी त्याला आधी रंगच दिसायचे. तळेगावच्या कारखान्यात जनरेटर सांभाळताना दुपारच्या सुट्टीत तो खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर खडूनं काहीबाही काढत बसायचा. अंटार्क्टिकावरच्या भारतीय केंद्रात जनरेटरसाठी माणसं हवी असल्याची जाहिरात त्याच्या बायकोनं, चैतालीनं पाहिली आणि अर्जही तिनंच भरायला लावला. "कंपनीचे पत्रे बघतच रिटायर व्हायचंय का तुम्हाला?" असं म्हणाली.

तिकडे त्यानं अख्खा हिवाळा काढला. दोन महिने सूर्यच नाही, बाहेर वारा आणि आत जनरेटरची घरघर. पण उजेड परत आला तेव्हा केंद्रापासून जवळच समुद्रात उतरलेला बर्फाचा कडा त्याला दिसला, आणि बर्फ पांढरा असतो ही त्याची समजूत तिथंच गळून पडली. त्या कड्यात निळा होता, हिरवट होता, सकाळी थोडा कांद्याच्या सालीसारखा गुलाबीही. सुट्टी मिळाली की तो तिथं जाऊन उभा राहायचा.

घरी आल्यावर आई, धोंडाबाई, भाताच्या बांधावरूनच म्हणाली, "काय काय हाय रं तितं?"

"बर्फ."

"आन दुसरं?"

"बर्फच, आये."

"मग वरीसभर बघत काय हुतास?"

त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. तिनं फोन लांब धरला, जवळ धरला. "ह्ये तर बोटायवढं दिसतंय. भिताडाला चुना फासल्यावानी. केवढं हाय त्ये?"

त्यानं हात वर केला, मग नुसताच खाली घेतला.

चार वर्षांनी तो पुन्हा गेला. त्या वेळी कडा जागेवर नव्हता. जिथं तो उभा राहायचा तिथून पुढं सगळं पाणीच होतं, गडद, हलणारं. केंद्रातल्या शास्त्रज्ञ बाईंनी त्याला समजावलं. कडे तुटणं हा बर्फाचा जुनाच स्वभाव. पण समुद्रावर धरणारी बर्फाची साय आता लवकर विरते, कड्याला टेकू राहत नाही, आणि गेलेलं पूर्वीसारखं भरून येत नाही. प्रज्ञेशनं ऐकून घेतलं. त्या दिवशी तो जेवला नीट, कामही केलं, पण एखाद्या ओळखीच्या घराला कुलूप दिसावं तसं त्याला झालं होतं.

परत आल्यावर चित्रं काढायला बसला, तर प्रत्येक कागद लहान पडे. शेवटी एका रविवारी तो कुरवंड्याला महिपतीकडे गेला. महिपती त्याचा शाळेतला दोस्त. नागफणीच्या सुळक्यावर पर्यटकांना दोरावरून उतरवायचं काम करतो. गावाच्या वरच्या अंगाला महिपतीच्या भावकीची दगडखाण आहे, बरीच वर्षं बंद पडलेली. काळ्या पाषाणाची ती उभी भिंत प्रज्ञेशनं मान वर करून पाहिली आणि म्हणाला, "एवढाच होता. मला दोरावर सोड."

दिवाळीनंतर काम सुरू झालं. ड्रममध्ये चुना विरघळवायचा, त्यात कपड्यांची नीळ कमीजास्त घालायची आणि दोरावर लटकून मोठ्या कुंच्यानं फासायचं. उन्हाळा लागेपर्यंत काळ्या खाणीत बर्फाचा कडा उभा राहिला, भेगांसकट, सावल्यांसकट.

महिपतीनं मधेच विचारलं होतं, "चुन्यात डिंक टाकायचा ऱ्हायला का? हितला पाऊस लय वाईट. एक थेंब ठेवायचा न्हाई."

"डिंक नाही घालायचा. तिकडचाही गेलाच. जाऊ दे."

"जाऊ दे? म्या काय हमाली करतोय का हितं?" महिपती दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला, दोर बांधला आणि कामाला लागला.

धोंडाबाईंना चैतालीनं रिक्षानं आणलं. म्हातारी भिंतीखाली आली, वर बघता बघता पदर डोक्यावरून घसरला. तिनं चुन्यावर तळवा टेकवला.

"येवढ्याच्या खाली तू येकटा हुबा ऱ्हायचास?"

"व्हय."

"बरं झालं, तवा मला ठावं नव्हतं," ती म्हणाली आणि त्याच्या दंडाला धरून खाली बसली. मग डबा उघडून तिनं त्याला भाकरी मोडून दिली, तो लहान असल्यासारखी. त्यानं ती खाल्ली.

आषाढात पावसानं काम हाती घेतलं. महिपती रोज खाणीवर जाई आणि फोन करी. "आज डाव्या अंगाचं कोपरं गेलं." "मधली भेग रुंदावली बघ." त्याच्या आवाजात तक्रार राहिली नव्हती, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची खबर द्यावी तसं तो सांगायचा. प्रज्ञेश कारखान्यातून सुटला की मोटरसायकल घेऊन जाई. दोघं प्लास्टिकचा कागद पांघरून उभे राहत. चुना ओघळत होता, खाणीतलं पाणी दुधासारखं झालं होतं. त्याला वाईट वाटे, पण एकट्यानं वाटण्यातलं ते वाईट नव्हतं.

श्रावणात पुण्याची काही पोरं मोबाईल घेऊन आली. "काका, इथं बर्फाचा डोंगर आहे ना?"

"हुता," महिपती म्हणाला. "उशीर केला तुमी." आणि मग त्यानं त्यांना कड्याची सगळी हकिगत सांगितली, निम्मी अशी की जणू तोच तिकडं जाऊन आला होता. प्रज्ञेश शेजारी उभा राहून ऐकत होता. त्यानं एकही चूक दुरुस्त केली नाही.

दर दिवाळीनंतर ते कडा पुन्हा रंगवतात; यंदाचं हे तिसरं वर्ष. आता खाली चुना कालवायला कुरवंड्यातल्या चार बायका येतात आणि निळीवरून त्यांचे वाद होतात. परवा चैताली म्हणाली, मलाही वर जायचंय. महिपतीनं तिला पट्टे बांधले. सुरुवातीला ती डोळे मिटून लटकली, मग हळूच कुंचा टेकवला. खाली प्रज्ञेश दोर धरून उभा होता.

"किती निळं करू?" तिनं वरून विचारलं.

"अजून थोडं," तो म्हणाला. "तिथं सावली होती."