स्लाइड अवतरली पाहिजे!

उद्या सकाळी पाणी येणार नाही, एवढं सांगायला माणसाला किती वेळ लागतो? आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दळवीकाका त्यासाठी अख्खा व्हिडिओ करून ग्रुपवर टाकायचे. आधी निळा पडदा सरकायचा, मग ‘पाणी’ हा शब्द गरगर फिरत यायचा, मग त्यावर लाटा. ‘येणार नाही’ दिसेपर्यंत आम्ही कंटाळून व्हिडिओ बंद केलेला असायचा आणि सकाळी डोक्याला शाम्पू लावून कोरड्या नळाकडे बघत बसायचो.

काका कुठल्याशा कंपनीच्या ट्रेनिंग खात्यातून रिटायर झाले आणि गिरगाव सोडून मीरा रोडला आले. येताना खास ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घेऊन आले, कॉलेजची पोरं गेम खेळायला घेतात तसला. चालू केला की त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. “वहिनी, स्लाइड नुसती येऊ नये, अवतरली पाहिजे!” हे त्यांचं ब्रीद. कुणी साधी स्लाइड दाखवली, की “बिनफोडणीचं वरण” म्हणून तोंड फिरवायचे.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण पार्किंगमधल्या एका खांबाला तडा गेला, आतली गंजलेली सळई दिसायला लागली, आणि त्या खांबाच्या बरोबर वर माझं स्वयंपाकघर. कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या छातीत धस्स व्हायचं. इंजिनिअरने स्पष्ट सांगितलं, दुरुस्ती ताबडतोब करा. त्याला सभेची मंजुरी हवी, आणि सभेला पटवायचं काम अर्थातच काकांचं.

झालं! हॉलमध्ये पडदा लागला. खांबाचा फोटो आला, पण नीट बघेपर्यंत त्याच्या घड्या पडल्या, त्याचा कागदी पक्षी झाला आणि पंख फडफडवत उडून गेला. पाठोपाठ इंजिनिअरचा इशारा आला आणि काचेसारखा खळ्ळकन फुटला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या शाहबेन म्हणाल्या, “अंकल, वो चिड़िया एक बार और!” काकांनी चिमणी पुन्हा उडवली. मग समोसे आले, आणि खांब पुढच्या सभेवर ढकलला गेला.

“काका, खांब कुणी बघितला का?” मी चिडून विचारलं.

“अहो, टाळ्या ऐकल्या नाहीत का तुम्ही?”

“टाळ्यांचा काय टेकू लावू खांबाला?” मी म्हटलं. पण कुणाला सांगते! ते पुढच्या सभेसाठी धुराचा इफेक्ट शोधत होते.

पुढच्या सभेच्या दिवशीच तो लॅपटॉप तापून बंद पडला. देवच पावला म्हणायचा. सोसायटीच्या ऑफिसातला जुनाट कॉम्प्युटर आणून जोडला. त्यात ग्राफिक्स कार्डच नव्हतं, त्यामुळे काकांचे इफेक्ट त्याला काही झेपेनात. खांबाचा फोटो मुकाट्याने आला आणि तिथेच राहिला. काका खटाखट बटणं दाबतायत, पण फोटो ढिम्म हलेना. तडा, सळई, खाली पडलेलं प्लास्टर, सगळं पडदाभर. सगळे खुर्च्यांतून पुढे वाकून बघायला लागले.

“ये अपना ही पिलर है क्या?” शाहबेननी घाबरून विचारलं.

“अपना ही है. इसके ऊपर मेरा किचन है,” मी म्हटलं.

पहिला हात त्यांनीच वर केला. मग सगळ्यांनी. दुरुस्ती मंजूर! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका मात्र सुतकी चेहऱ्याने वायर गुंडाळत होते. “काका, पास झालं की!” म्हटलं, तर त्यांनी वायरीला आणखी एक गाठ मारली.

खांब दुरुस्त झाला, आणि पुढे काका मुलीकडे पुण्याला राहायला निघाले. आम्ही खाली निरोप द्यायला जमलो होतो. रिक्षात बसता बसता त्यांनी मला जवळ बोलावलं. “वहिनी, त्या दिवशी लोकांनी हात वर केले ना, ते माझी कीव येऊन. नाहीतर असल्या प्रेझेंटेशनला कोण हो म्हणणार? तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

लोकांना तेव्हा आली होती की नाही, देव जाणे. मला मात्र त्या क्षणी खरंच त्यांची कीव आली.