गढीच्या दारातला दगड

उत्तम गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबच्या एका बुटाच्या दुकानात बसलो होतो. एक पाय नव्या बुटात, दुसरा अनवाणी. मुलानं बळेच आणलं होतं. हल्ली मला वाकवत नाही, म्हणून त्यानं लेसचे बूट बाजूला सारून चिकटणाऱ्या पट्ट्याचे काढायला सांगितले होते. उत्तमच्या पोराचा आवाज मी ओळखला. तो इतकंच म्हणाला, “काका... बाबा गेले.” दुकानदाराला काही कळलं नव्हतं, तो म्हणत राहिला, “चालून बघा की, कसे वाटतात.” मी उठलो आणि खरंच चालू लागलो. दुकानातून बाहेर, रस्त्यावर. मुलगा मागून धावला तेव्हा कळलं, एका पायात दुकानाचा बूट तसाच आहे. उत्तम असता तर हा किस्सा त्यानं पुढं वर्षभर चालवला असता.

आमची दोस्ती बहात्तरच्या दुष्काळातली. येरमाळ्यापासून आत, बालाघाटच्या उतारावर आमचं गाव. शेतात काही उरलं नव्हतं, म्हणून सगळं गाव तलावाच्या कामावर. पाटीत मुरूम भरायचा, भरावावर चढायचं, टाकायचा, उतरायचं, दुपारी रांगेत सरकारी वाटपाची गोड सुकडी घ्यायची. मी शेतकऱ्याच्या घरचा, अंगानं थोराड, त्यामुळं आपल्याला हे जमणारच अशा तोऱ्यात पहिल्याच दिवशी पाटीसकट घसरत खाली आलो. ज्याच्या पायाशी येऊन थांबलो तो उत्तम. काटकुळा, लांब टांगांचा. म्हणाला, “पाटी वर टाकायची आस्ती, सोताला खाली न्हाय.” मी चिडलो, मग हसलो. त्या भरावावर त्याच्या पायांना जी चढायची सवय लागली ती पुढं कधी मोडली नाही. मला फक्त सुकडीची सवय लागली.

दुष्काळ सरला, तलावात पाणी आलं, उत्तम डी.एड. होऊन मास्तर झाला. शाळा मिळाली ती माळापलीकडच्या वस्तीवर. तिकडं एसटी जात नव्हती आणि सायकल चालेल असा रस्ता नव्हता. म्हणून हा गडी रोज पळत शाळेला जायचा. कपडे पिशवीत, पिशवी पाठीला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. ती वाट मी आजही डोळे मिटून सांगेन. गावातून निघायचं, तलावाच्या भरावावर चढायचं. हिवाळ्यात तिथं पाण्यावर धुकं असायचं आणि धुक्यातून बदकांचा नुसता आवाज यायचा. भराव संपला की बाभळीतून खाली, काळ्या दगडाच्या जुन्या बारवेला वळसा. तिच्या पायऱ्यांवर उन्हाळ्यातसुद्धा गारवा. मग उंचवट्यावरची गढी. तिचे देशमुख कधीच शहरात निघून गेले होते. बुरुजावर पिंपळ उगवला होता, दरवाजाची नुसती कमान उभी होती. कमानीच्या बाहेर गुडघ्याएवढा एक घडीव दगड. त्यानंतर मोकळा माळ, आणि माळाच्या टोकाला शाळेचं पत्र्याचं छप्पर.

मी तोवर गावातल्या दूध संस्थेचा सेक्रेटरी झालो होतो. दूध मोजणं हे बैठं काम. त्यात प्रत्येक म्हैस व्याली की पहिला खरवस सेक्रेटरीला, असा नियम मीच हळूच रूढ केलेला. पोट सुटलं. उत्तम संकलनाच्या खिडकीपाशी थांबून म्हणाला, “सेक्रेटरी, फॅट दुधाची लावायची का तुझी?” चार माणसांत बोलला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मागं पळायला हजर. पहिल्या दिवशी बारवेपर्यंत पोचलो आणि पायरीवर आडवा झालो. पाणी भरायला आलेल्या बायकांनी माझ्या घरी निरोप धाडला की तुमचं माणूस बारवेवर पडलंय, दिष्ट लागलीय बहुतेक. हळूहळू गढीपर्यंत जमायला लागलं. मी तिथून परत फिरायचो, तो पुढं शाळेला.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गढीपाशी आलो की उत्तम थांबायचा, त्या दगडावर पाय ठेवायचा, बुटाची लेस सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. आधी उजवी, मग डावी. रोज. मी एकदा विचारलंच, “तुझी लेस रोज हितंच कशी सुटती रे?”

“दगड बरा हाय,” तो म्हणाला. “उंचीला.”

मला ते पटलं. मला कुठलीही गोष्ट लवकर पटते.

ऐंशीच्या अलीकडं-पलीकडं आमच्या दूध संस्थेनं झेंडावंदनाच्या दिवशी धावण्याची शर्यत ठेवली. कल्पना माझी, मार्ग माझा. उत्तमचीच वाट, तलावापासून गढीपर्यंत. शेवट गढीच्या दारात, कारण तिथं सभेपुरती जागा होती आणि कमानीखालचा ओटा व्यासपीठासारखा. त्यावर जाजम हवी होती. संस्थेकडं नव्हती, म्हणून मी घरची काढली, लग्नात आलेली, नवीकोरी. बायको म्हणाली, “धूळ लागली तर तुमीबी तिकडंच ऱ्हावा.” एवढी एकच धास्ती त्या दिवशी माझ्या डोक्यात होती.

उत्तम पहिला आला हे सांगायलाच नको. येवती-वाशीकडून आलेली तरणी पोरं मागं राहिली. चेअरमन बक्षिसाची स्टीलची कळशी घेऊन उभे. माईक माझ्याकडं, आणि माझ्या हातात माईक म्हणजे... असो. मी म्हणालो, “उत्तम गुरुजी, बूट खाली काढा आणि वर या!” तो दगडापाशी येऊन उभा राहिला. हलेना. मला वाटलं, लाजतोय. मी पुन्हा, “काढा, काढा! मोजाला भोक असलं तरी संस्था नोंद घेणार न्हाय!” लोक हसले. उत्तमनं एकदा दगडाकडं बघितलं. मग गर्दीच्या कडेला त्याचे वडील, सखारामआबा, उभे होते त्यांच्याकडं. आणि वळला, आला त्याच वाटेनं परत पळत सुटला. मी तेवढ्यावर थांबावं की नाही? “गुरुजींचा दम अजून सरला न्हाय!” असं ओरडलो. टाळ्या पडल्या. आबांनी वाजवली नाही.

संध्याकाळी मी कळशी घेऊन त्याच्या घरी गेलो. तो नव्हता. आबा अंगणात बाजेवर बसले होते. “बस, सेक्रेटरी,” म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यानं मला जास्त घाबरायला झालं.

“आबा, उत्तम रुसला का माझ्यावर?”

“तुला त्यो दगूड ठाव हाय का?”

“गढीच्या दारातला? रोज बघतो की.”

“बघतूस. माझा आजा, माझा बाप अन् म्या... आमी तितं वहाणा काढायचो. मंग हातात धरून, मान खाली घालून, गढी सरंपतूर अनवाणी. उन्हाळ्यात पाय भाजायचे. त्यो दगूड म्हंजी आमची हद्द हुती.” “धम्म घेतला त्या साली ठरवलं, आता काढायच्या न्हाईत. पयल्या दिशी वहाणा घालून गेलो तर पाय असे लटपटले... काढाव्यात का काय असं झालं. उत्तमला बूट घेतले तवा त्याला येकच सांगितलं. त्या दगडावर पाय ठीव अन् तितंच बांध.”

मी कळशी खाली ठेवली. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “जाजम माझ्या घरची होती, आबा.” आयुष्यात इतकं निरर्थक वाक्य मी दुसरं बोललेलो नाही. आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “ठाव हाय. त्याला बी ठाव हाय. पर तू त्येला ‘काढ’ म्हनलास ते तितं. दुसरीकडं कुठंबी म्हनला असतास तर त्यो हसत आला असता.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्याआधी गढीपाशी जाऊन बसलो. दगडावर नाही, बाजूला मातीत. कळशी मांडीवर. तो बाभळीतून वर आला, मला बघून वेग कमी केला.

“जाजम झटकली का?”

“उत्तम, काल मी...”

“आता माईक न्हाय, सेक्रेटरी. हळू बोल.”

त्यानं दगडावर पाय ठेवला, लेस सोडली, बांधली. मग बाजूला सरकून म्हणाला, “तुझी सुटलीय बघ.”

माझी सुटली नव्हती. चांगली घट्ट होती. मी उठलो, दगडावर पाय ठेवला, ती सोडली आणि पुन्हा बांधली. पोट मध्ये येत होतं, वेळ लागला. तो थांबला. मग त्यानं कळशी उचलली, खांद्यावर घेतली आणि माळावर पळत गेला. उन्हात ती दूरवर चमकत राहिली. पुढं कितीतरी वर्षं शाळेतली पोरं त्याच कळशीतलं पाणी पीत होती.

तेव्हापासून आम्ही दोघंही तिथं थांबायचो. आणि लग्नकार्य असो की निरोप समारंभ, उत्तम माझी नक्कल करून सांगायचा, “मोजाला भोक असलं तरी...” लोक पोट धरून हसायचे. दगडाचं मात्र तो कुणाला सांगायचा नाही. ते त्यानं माझ्याकडं ठेवलं होतं.

आबा गेले. आम्ही निवृत्त झालो, पळण्याचं चालणं झालं. गढीचा पिंपळवाला बुरुज एका पावसाळ्यात बसला. गेल्या दिवाळीत भेटलो तेव्हा उत्तमचे पाय सुजले होते. ज्या पायांनी सगळा माळ पालथा घातला होता ते उशीवर ठेवलेले. बूट खाटेखाली, धुऊन, पांढरे. वहिनी म्हणाल्या, “रोज इचारतेत, जाग्यावर हाईत का म्हणून.”

“दगडाकडं जातूस का?” त्यानं विचारलं.

“जातो की.”

“बांधतूस?”

“वाकवत न्हाय रे. पोरगं म्हणतंय पट्ट्याचे बूट घ्या.”

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मी उठायला लागलो तसा म्हणाला, “पट्टा तर पट्टा. काढून लाव.”

ते आमचं शेवटचं बोलणं.

परवा त्या वाटेनं गेलो. तलावात पाणी बरं आहे, बदकं आलीयत. बारवेत कुणीतरी झाडी तोडलीय. दगड आहे तिथंच आहे. मी पाय वर ठेवला, उजवा, मग डावा. पट्टा ओढला की चर्र असा आवाज होतो, लेसला कधी होत नव्हता. त्या शांततेत तो फार मोठा वाटला. मोटारसायकलवरून जाणारं एक पोरगं थांबलं.

“काका, काय झालं? खडा गेला का बुटात?”

“न्हाय रे. बूट घालतोय.”

“घातलेलेच हाईत की!”

“व्हय,” म्हटलं, “घातलेलेच हाईत.”