बालविभागाचा नवा नियम

महाल भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी बालविभाग सांभाळते. काही वर्षांपूर्वी तिथे एक काका रोज चारच्या सुमारास येत. टपाल खात्यातून निवृत्त झालेले. सतरंजीवर बसून मुलांना गोष्टी वाचून दाखवत. पाच-सहा मुलं भोवती जमत, त्यांत पहिलीतली एक मुलगी असे. तिची आई सीताबर्डीला कपड्याच्या दुकानात होती. शाळा सुटली की ऑटोवाला मुलीला आमच्या दारात सोडी, आई साडेसहाला घेऊन जाई.

एकदा कुणाच्या तरी वडिलांनी काकांचा हात त्या मुलीच्या डोक्यावर पाहिला आणि तक्रार केली. चौकशी झाली, मुलांना विचारलं, काहीच निघालं नाही. तरी समितीने नियम केला: सोबत आपलं मूल नसेल तर मोठ्या माणसाने बालविभागात बसायचं नाही; आणि दहा वर्षांखालच्या मुलाला एकटं सोडायचं नाही. सांगायचं काम माझ्याकडे आलं.

काकांना मी दारातच थांबवलं.

"काहून जी? माझं काही चुकलं काय?"

"नाही काका. नियम झालाय."

"तुम्हाले काय वाटते?"

"माझ्या वाटण्याचा प्रश्न नाही," मी म्हणाले आणि रजिस्टर उघडलं. ते वर्तमानपत्रांच्या खोलीत जाऊन बसले.

संध्याकाळी मुलीच्या आईलाही सांगितलं. "मंग हिले ठेवू कुठं, मॅडम? घरी कोणी नाही. दुकानात बसू देत नाहीत."

मी मुलीला काउंटरमागे स्टुलावर बसवायला लागले. तेही नियमात बसत नव्हतंच.

एक दिवस फोनवर बोलून वळले तर स्टूल रिकामं. रस्त्यावर पाहिलं, गाड्यांची गर्दी. मुलगी वर्तमानपत्रांच्या खोलीत सापडली, पुस्तक घेऊन काकांपुढे उभी. काकांनी दोन्ही हात खुर्चीमागे घेतले होते.

"जाय वं माय, तिकडं जाय," ते हळू आवाजात म्हणत होते. "मॅडम रागावून राहिल्या ना."

मी रागावलेली नव्हते. पण तसं न सांगता मुलीला घेऊन काउंटरकडे परतले.

त्याच आठवड्यात मी समितीला अर्ज दिला: चार वाजता, काउंटरसमोरच्या मोकळ्या जागेत, माझ्या देखत वाचन होऊ द्यावं, आणि तेवढा वेळ एकट्या मुलांची जबाबदारी माझ्यावर असावी. दोन महिन्यांनी मंजुरी मिळाली. काकांना फोन केला. ते आले, खुर्चीवर बसून वाचलं. मूल जवळ सरकलं की ते खुर्ची मागे घेत आणि माझ्याकडे बघत. असं तीनदा झालं. मग, डोळे दुखतात म्हणाले, आणि यायचे थांबले.

आता मीच वाचते. मुलीच्या आईला पुढे घराजवळ काम मिळालं. नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. काकांनी मला काय वाटतं ते विचारलं होतं, तेव्हा मात्र त्यांच्यावर माझा विश्वास आहे, एवढं सांगायला हवं होतं.