सापगावच्या मामांची खळ

देशाच्या एका थोर नेत्याचं तोंड आमच्या सापगावच्या मामांनी जितक्या वेळा बंद केलं, तितक्या वेळा ते त्याच्या हाडवैऱ्यांनाही जमलं नसेल. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. वाशिंदच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म औषधाच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवली. हात असा बसलेला की एक सुरकुती नाही, एक बुडबुडा नाही. निवृत्त झाल्यावर हे कसब वाया जातंय याची त्यांना हुरहुर होती. तेवढ्यात सरकारी दवाखान्यांत बोगस औषधं गेल्याचं प्रकरण फुटलं, त्यात त्या नेत्याचं नाव आलं, आणि त्याने टीव्हीवर हात जोडून सांगितलं की मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मामा ताटावरून उठले. "आमी लेबलं लावनारी मानसं. तरी बाटलीत काय हाय ते आमाला ठावं असायचं. न् ह्याला नाय ठावं?" चौकशी बसली ती आजतागायत उठलेली नाही. मामांनी मात्र दुसऱ्याच दिवशी शिळ्या भाताची खळ केली आणि घरातल्या कॅलेंडरवरच्या त्या हसऱ्या चेहऱ्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी डकवली.

तिथून जे सुरू झालं त्याला अंत नव्हता. त्याचा फोटो छापलेली रेशनची पिशवी घरात यायची ती आधी ओटीवर थांबायची, तोंड झाकलं की मगच आत. शहापूरच्या सलूनमध्ये दाढीला बसले की अर्ध्या साबणात उठून भिंतीवरचं पोस्टर दुरुस्त करायचे. न्हावी काही बोलायचा नाही, कारण मामांची पट्टी भिंतीच्या रंगापेक्षा सफाईदार बसायची. मामा कुठल्या पक्षाचे, असं विचारायची सोय नव्हती. ते सगळ्यांनाच सारख्या शिव्या द्यायचे. मुरबाडला भाचीच्या लग्नात कुणा कार्यकर्त्याने मांडवाच्या तोंडाशी नेत्याचा हा एवढा फलक लावला होता. मामा डब्यातून खळ घेऊनच आले होते. खुर्चीवर चढले, तेव्हा नवऱ्याकडच्यांना वाटलं मुलीचे मामा तोरण बांधतायत, म्हणून दोघांनी खुर्चीसुद्धा धरली. शेवटी मामी आल्या. "उतरा खाली! पोरीचं लगीन हाय, निवडनूक नाय!" मामा उतरले, पण अंगठ्याने शेवटचा कोपरा दाबूनच. "माझं चिकटवलेलं आजवर निघालं नाय," असं मला म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो होतो. त्या हसण्याची आता मला लाज वाटते.

मागच्या वर्षी मामींना धाप लागायला लागली. विहिरीवरून येताना तीनदा बसायच्या. शहापूरच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब झाल्याचं सांगितलं, ऑपरेशन लवकर करा म्हणाले. ते आमच्या ऐपतीबाहेरचं होतं, पण सरकारी योजनेचं कार्ड काढलं तर ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात फुकट होणार होतं. कार्डावर डावीकडे रोग्याचा फोटो आणि उजवीकडे त्याच नेत्याचा. मामा हटून बसले. "बोगस औषधवाल्याच्या कागदावर हिला दवाखान्यात धाडू?" पंधरा दिवस असे गेले. मग एका सकाळी मामी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "मला त्याचं तोंड नको न् तुमचं भांडान पन नको. मला निस्ता दम घेवाचाय." मामा त्याच दिवशी त्यांना घेऊन शहापूरला गेले आणि कार्डाचा अर्ज भरून आले. आठवड्याने कार्ड हातात पडलं.

इस्पितळात जायच्या दिवशी मी गाडी घेऊन सापगावला गेलो. मामांनी कार्ड दाखवलं. नेत्याच्या तोंडावर पट्टी. कार्ड देणाऱ्या दुकानदाराने लॅमिनेशन करून घ्या म्हणून बजावलं होतं, ते मामांनी मुद्दाम केलं नव्हतं, प्लास्टिकवर खळ धरत नाही म्हणून. मी कार्ड उन्हात धरून पाहिलं आणि म्हणालो, "वा मामा, कोपरासुद्धा उचलला नाही!" एवढंच म्हणालो. शिकलेला माणूस मी.

इस्पितळाच्या खिडकीवरच्या माणसाने कार्ड उलटसुलट केलं. "हे काय लावलंय?"

"तोंड झाकलंय."

"काढा ते. कोड अर्धा पट्टीखाली गेलाय. मशीन वाचत नाही."

मामांनी नखाने कोपरा उचलायचा प्रयत्न केला, मग थुंकी लावली, मग कुणाच्या तरी बाटलीतलं पाणी. आयुष्यभराचा सराव होता त्या चिकटवण्याला. शेवटी पट्टी निघाली ती नेत्याचा चेहरा आणि शेजारचा काळा चौकोनी कोड सोबत घेऊनच. खाली नुसता कागदाचा लगदा उरला. मी हात जोडले, आतल्या साहेबांना भेटलो, साहेबही भले होते, पण नवीन कार्डाशिवाय मंजुरी येणार नव्हती. मामी बाकावर मांडीत पिशवी घेऊन बसल्या होत्या. मामांचा चेहरा बघून त्याच म्हणाल्या, "र्‍हाऊ द्या. पुन्यांदा येऊ."

नवीन कार्डाला आठ दिवस सांगितले होते. मामी सहाव्या दिवशी सकाळी अंगणात बसल्या जागी गेल्या.

कार्ड आलं ते तेराव्यानंतर. परवा मी सापगावला गेलो तेव्हा ते ओटीवरच्या भिंतीला चिकटवलेलं होतं, एक सुरकुती नाही. डावीकडे मामी, डोक्यावरचा पदर सारखा करून कॅमेऱ्याकडे जराशा घाबरून बघणाऱ्या. त्यांचा एकटीचा तेवढाच फोटो आहे. आणि उजवीकडे तो नेता, सताड उघड्या तोंडाने हसणारा. मला राहवलं नाही. "मामा, ह्याच्यावर पट्टी नाही लावली?"

मामांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"नको जावईबापू. माझा हात लागला न् हिच्याकडचं काय निघालं तं?"

मी पाणी प्यायला आत गेलो. खळीचा डबा घासून फळीवर पालथा घातलेला होता.