दिसले, बाई!

माझ्या आत्याला संडे स्कूलची मुलं 'ताऱ्यांच्या बाई' म्हणायची. आठवड्याचे सहा दिवस ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं करायची, दिवसाला तीनशे, आणि एकही वाकडं नाही. रविवारी सकाळी चर्चमागच्या खोलीत मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगायची. लग्न केलं नव्हतं. मान म्हणावा असा तिला त्या एका खोलीतच होता.

वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या चौथ्या शनिवारी, संध्याकाळी बरोबर साडेसातला ती सगळ्या मुलांना चर्चच्या गच्चीवर न्यायची. दिवे बंद, मुलं चटयांवर उताणी, आणि मधोमध आत्या, हातात कापड मोजायची लाकडी पट्टी.

"टाकीचा उजवा कोपरा बघा. तिथून वर दोन मुठी. तीन तारे एका ओळीत. दिसले?"

"दिसले, बाई!"

"कुणी ठेवले?"

"देवाने!"

"कशासाठी?"

"आपण मान वर करावी म्हणून!"

मग ती मुलांमधून फिरायची आणि एकेकाला विचारायची, रंग कसा आहे, कोणता जास्त चमकतो, कोणता थरथरतो. बाकीच्या बाई नुसतं सांगायच्या, ही विचारायची. उत्तर येईपर्यंत पट्टी हातात धरून थांबायची.

मी तेव्हा आठ वर्षांची. मला तारे सोडाच, टाकीचा कोपराही दिसत नव्हता. वर नुसती काळसर गोधडी. शेजारची मुलं 'दिसले' म्हणून ओरडत होती, आणि माझी अशी पक्की समजूत झाली की हे डोळ्यांचं काम नाही, विश्वासाचं आहे. ज्याचा विश्वास कमी त्याला दिसत नाही. बाईंच्या सख्ख्या भाचीचाच विश्वास कमी, हे चारचौघांत कसं सांगणार? मी ठोकून दिलं, "तिघांतला मधला लालसर आहे, आत्या. आणि थंडी वाजल्यासारखा थरथरतोय."

आत्या कितीतरी वेळ हलली नाही. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाली, "हिच्यासारखं बघायला शिका."

झालं. पुढची सहा वर्षं मी दर वर्षी त्या चौथ्या शनिवारी मनाला येईल ते आकाश सांगत राहिले. ती ते ऐकत राहिली, आणि मी तिची लाडकी झाले.

त्या लाडाची किंमत मी शाळेत मोजली. फळ्यावरचं दिसत नव्हतं म्हणून एका वर्षी चक्क नापास झाले. शाळेने चिठ्ठी पाठवली, मुलीचे डोळे तपासून घ्या. आईने चिठ्ठी आत्याला दाखवली. आत्या हसली.

"हिचे डोळे? वहिनी, हिला ताऱ्यांचे रंग सांगता येतात! लक्ष नसतं, दुसरं काही नाही. दोन धपाटे घाला."

आई आज्ञाधारक. धपाटे मिळाले, चष्मा मिळाला नाही. चौदाव्या वर्षी रस्ता ओलांडताना समोरून येणारी मोटरसायकल मला दिसली नाही आणि मनगट मोडलं, तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नंबर निघाला उणे साडेपाच.

चष्मा आला त्या रात्री मी खिडकीशी गेले. वर पाहिलं. इतके? खरंच इतके होते? तीन तारे एका ओळीत होते, आणि तिन्ही पांढरेशुभ्र. लालसर एकही नव्हता. लोक म्हणतात की देवाचा महिमा पाहून मन भरून येतं. माझंही आलं, पण रागाने. एवढं सगळं रोज रात्री डोक्यावर टांगलेलं होतं, आणि ज्या बाईने ते दाखवायचा मक्ता घेतला होता तिनेच मला त्यापासून सहा वर्षं लांब ठेवलं. पहिल्यांदा खोटं मी बोलले होते, हे तेव्हा सोयीस्करपणे विसरले. नंतरही बरेचदा विसरले.

मोठी झाले ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागले. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, फ्रेम नाकावर बसवून द्यायची. अशा नोकरीत माणसाला नको ते दिसू लागतं. दिवस कलला की आत्या पाऊल टाकण्याआधी चपलेने जमीन चाचपायची. संध्याकाळी घरात आली की आधी भिंतीला हात, मग बटणाला. कुणी अंधारात काही पुढे केलं तर तिचा हात वीतभर बाजूला जायचा. मला महिन्याभरात कळलं. आत्याला रातांधळेपणा होता. उजेडात ती सुईत दोरा ओवायची आणि अंधार पडला की ठार आंधळी. आणि गच्चीवरचं सगळं ती पाठ केलेलं म्हणत होती! रोजचं आकाश सरकतं, पण वर्षातला एकच दिवस आणि एकच वेळ धरली तर तारे टाकीच्या त्याच कोपऱ्यावर येतात. त्याला डोळे लागत नाहीत.

मी कुणाला सांगितलं नाही. ही माया होती असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं असं की तिने माझं ओळखलं नव्हतं, मग मी तरी तिचं कशाला ओळखू?

गेल्या वर्षीच्या चौथ्या शनिवारी नवे पाळक गच्चीवर आले आणि मागे, माझ्या शेजारी उभे राहिले. आत्या नेहमीसारखी सुरू झाली. टाकीचा कोपरा, दोन मुठी, तीन तारे. दिसले?

"दिसले, बाई!" तीस मुलं एका सुरात.

आत्याने एका मुलीला विचारलं, "मधला कसा आहे ग?"

"लालसर, बाई."

माझी थाप इतक्या वर्षांत मुलांच्या तोंडी बसली होती. पाळकांनी मान वर करून पाहिलं. मीही पाहिलं.

"बाई," पाळक हळूच म्हणाले, "वर ढग आहेत. पाच मिनिटं झाली. एकही तारा नाही."

आत्याची पट्टी तशीच वर राहिली. खाली कुणी घ्यायची ती? मुलं खुदखुदू लागली.

पुढच्या बुधवारी कमिटी बसली. घडीच्या पाच खुर्च्यांवर पाच माणसं, दाराजवळच्या स्टुलावर आत्या, आणि तिच्या मागे मी. पाळक वाईट माणूस नव्हते. त्यांना आत्याच्या डोळ्यांचं काही नव्हतं, मुलांचं होतं. तीस मुलं न पाहिलेलं 'पाहिलं' म्हणायला शिकली, तेही देवाचं नाव घेऊन, असं ते म्हणाले. मला ते कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं.

मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही भाची, शिवाय डोळ्यांचं काम करता. त्या दिवशीच चुकलं असेल, तर बाईंचा वर्ग चालू ठेवू. तुमचं काय म्हणणं?"

एवढंच हवं होतं. 'वय झालं, त्या दिवशी चुकलं' इतकं म्हटलं असतं तर रविवारची खोली तिच्याकडे राहिली असती. रविवारच्या सकाळी काय अंधार असतो? मी तोंड उघडलं आणि आत साठलेलं बाहेर आलं.

"तिला अंधारात काहीच दिसत नाही. पंचवीस वर्षं तरी."

वर्षं कुणी विचारलीही नव्हती.

आत्याचा वर्ग काढून घेतला. तो आता पाळकांच्या पत्नी घेतात. चौथ्या शनिवारी हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून भिंतीवर तारे दाखवायचे आणि मुलांना बिस्किटं द्यायची, असं ठरलं. आत्या रविवारी शेवटच्या बाकावर बसते. 'ताऱ्यांच्या बाई' असं मुलं अजून म्हणतात, फक्त तोंड दाबून.

यंदा चौथ्या शनिवारी हॉलमधला कार्यक्रम सुरू झाला आणि ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मला गच्चीवर ने."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ती चढली. चर्चच्या मागे राहणारी शेजारीण जिन्याखाली उभी होती. आत्या तिच्याशी दोन शब्द बोलली, ते मी ऐकले नाहीत. वर आल्यावर कठड्याला टेकून म्हणाली, "पंचवीस नाही, सव्वीस. मोजायचंच तर नीट मोज."

मीही तिच्याशेजारी कठड्याला टेकले.

"तीन हिवाळ्यांत गेलं सगळं. प्रार्थना करून गुडघे सुजले. म्हटलं, देवा, महिमा तुझा, मग मलाच का वगळतोस? त्याने काही उत्तर दिलं नाही. मग पोरांना विचारत गेले. पोरं सांगायची, तेवढंच माझं आकाश. त्यात तुझं सगळ्यांत चांगलं. मला आठवत होते ते तिन्ही पांढरे. तू मधला लालसर म्हणालीस. वाटलं, माझीच आठवण दगा देतेय. पोर बघून सांगतेय, ती कशाला खोटं बोलेल? तेव्हापासून मी तो लालसरच धरून चालले."

आता बोलायला हवं होतं. तेवीस वर्षांचं एक वाक्य, आत्या, मला काही दिसत नव्हतं. जीभ उचललीच नाही.

"सांग ना," ती म्हणाली. हात अजून खांद्यावरच होता. "टाकीच्या कोपऱ्यावर आहेत का?"

मी वर पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ढग. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आहेत, आत्या. तिन्ही आहेत."

"मधला?"

"लालसर."

खालून हॉलमधल्या मुलांच्या टाळ्या ऐकू आल्या.

"येताना शेजारणीला विचारलं मी," ती म्हणाली. "आता विचारायला लाज कसली उरलीय? ढग आहेत म्हणाली."

मी चष्मा काढला आणि उगाच पुसू लागले.

"लहानपणीही असंच?" तिने विचारलं.

मी उत्तर दिलं नाही, आणि तिला ते पुरलं. तिने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला, भिंत शोधली आणि तिच्या आधाराने जिन्याकडे निघाली. "पुढे होऊ का?" मी विचारलं. "नको," ती म्हणाली. "मला पायऱ्या पाठ आहेत."