कर्णबधिर शाळेतला स्पीकर

कर्णबधिर मुलांची शाळा म्हटलं की लोकांना वाटतं, तिथं कायम शांतता असणार. लातूरजवळच्या आमच्या निवासी शाळेत एकदा येऊन बघा. बाक ओढताना, दार लोटताना, ताट आदळताना मुलांना स्वतःला काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे कुणी हळू करत नाही. या गोंगाटात मी अकरा वर्षं शिकवतेय. किस्से इतके साठलेत की कुठून सुरू करावं कळत नाही. त्यात ते घडलेले सगळे हातांच्या खुणांनी. घरी सांगायला लागले की तोंडाआधी माझे हातच सुटतात. नवरा म्हणतो, "आधी ती कढई खाली ठेव."

*

शाळेला प्रोजेक्टर आला, त्याच्यासोबत दोन मोठे स्पीकरही आले. बसवायला नांदेडहून आलेला माणूस अर्धा तास "हॅलो, हॅलो" करून राहिला. आमचे बिरादार सर शाळेत सगळ्यात जुने. उदगीरचे, स्पष्ट बोलणारे.

"बाबा, हितं मुलांना ऐकू येत न्हाई," ते म्हणाले.

"सर, यादीत स्पीकर हाय. वाजला म्हणून सही द्या, मी निघतो."

सरांनी सही दिली.

दुसऱ्या दिवशी एका मुलीचा हात सहज स्पीकरवर पडला आणि तिनं तो दचकून काढला. मग पुन्हा ठेवला. दहा मिनिटांत रांग लागली. आम्ही एक स्पीकर लांब लाकडी टेबलावर ठेवला आणि मुलं दोन्ही बाजूंनी तळवे टेकून बसली. महिन्याभरात ती ढोलकी आणि ट्रॅक्टर नुसत्या तळव्यानं वेगवेगळे ओळखायला लागली.

एकदा मी वही तपासत होते. बिरादार सर दारातून म्हणाले, "मॅडम, आवाज वाढवा जरा. त्या टोकाच्या पोरांच्या हाताला लागंना गेलाय."

*

आठवीतली महादेवी प्रश्न फार विचारायची. पडद्यावर डोंगरावरून दरड कोसळताना दाखवली, तर तिनं खुणेनं विचारलं, "याला आवाज असतो?" असतो म्हटलं. मग तिनं एकेका गोष्टीचं विचारायला सुरुवात केली. शेवटी मी भिंतीवर मोठा कागद लावला, दोन रकाने केले. एकात आवाज करणाऱ्या गोष्टींची चित्रं चिकटवायची, दुसऱ्यात न करणाऱ्यांची.

चंद्र 'न करणाऱ्यांत' गेला तेव्हा वर्ग मानायलाच तयार नव्हता. एवढा मोठा चंद्र डोंगराआडून वर येतो आणि आवाज नाही? उलट डास एवढासा, आणि आवाज करतो म्हणजे काय?

मग महादेवीनं फुगलेल्या भाकरीचं चित्र काढून आणलं. कुठल्या रकान्यात लावू?

मी वीस वर्षं भाकरी करतेय आणि मला सांगता येईना. बिरादार सरांना विचारलं. ते म्हणाले, "खायाला बसल्यावर कोण ऐकतंय?" आम्ही दोघं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेलो. मावशींनी पंखा बंद केला, भाकरी तव्यावर टाकली आणि तिघंही कान देऊन वाकलो.

कागदावर आजही माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे : 'भाकरी फुगताना आवाज करते. ऐकत बसलं तर करपते.'

*

व्हिडिओखाली बोललेलं वाक्य आपोआप लिहून येतं, ही सोय आमच्या मुलांसाठी मोठीच. फक्त ते लिहिणारं यंत्र कधी कधी कमी ऐकतं.

विज्ञानाच्या तासाला 'बेडकांची पचनसंस्था' असा व्हिडिओ लावला. खाली अक्षरं उमटली, 'बायकांची पतसंस्था'. मी फळ्याकडे तोंड करून आकृती काढत होते, माझं लक्ष नव्हतं. मुलांनी मनापासून उतरवून घेतलं.

चाचणीत पाच जणांनी लिहिलं, 'बायकांची पतसंस्था जिभेनं किडे पकडते व गिळते.'

पेपर बिरादार सरांकडे तपासायला होते. त्यांची बायको खरोखरच गावातल्या महिला पतसंस्थेत आहे. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि पेपर माझ्याकडे सरकवले. "ह्याला मार्क तुम्हीच द्या, मॅडम. मला घरी जायचंय."

*

प्रोजेक्टरसाठी खिडक्या लावून घेतल्या होत्या, बाहेर आभाळ भरलेलं, आणि वीज गेली. ऐकू येणाऱ्यांच्या वर्गात अंधार झाला की गलका होतो. आमच्याकडे उलटं. हात दिसेनात, म्हणजे बोलणंच बंद.

मी मोबाईलची बॅटरी लावून एका मुलीच्या हातांवर धरली. ती बोलली. मग दुसऱ्या मुलीनं उजेड मागितला आणि ती बोलली. नियम आपोआप ठरला : ज्याच्या हातावर उजेड, त्यानं बोलायचं.

बिरादार सर कोपऱ्यात उभे होते. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण नियम मोडून तोंडानं बोलायला ते तयार नव्हते; हात वर करून करून दमले. पण उजेड मुलांकडून मुलांकडेच फिरत राहिला. वीज आली तेव्हा मी विचारलं, "सर, काय म्हणत होतात?"

"खिडकी उघडा म्हणत होतो," सर म्हणाले.

*

महादेवीचे वडील मुखेडकडचे. आठवडी बाजारांत बांगड्यांचं दुकान मांडतात. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतात. एप्रिलमध्ये परीक्षा संपली आणि ते शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. अर्ज लिहूनच आणला होता.

"आठवी झाली, बास की मॅडम. घरी राहील, आईला हातभार लावंल. शिकून तरी कुणासंगं बोलणार हाय?"

मुख्याध्यापक यायचे होते. अप्पा बाकावर बसले. महादेवीनं त्यांचा हात धरून त्यांना संगणकाच्या खोलीत आणलं. तिथं एक प्रोग्रॅम आहे : माइकमध्ये बोललं की आवाजाची रेघ पडद्यावर उमटते. महादेवीला त्याचं वेडच लागलं होतं. तिनं मला खुणेनं सांगितलं, "ते मला काय म्हणतात, ते बघायचंय."

मी सांगितलं. अप्पा लाजले. मग माइककडे वाकून हळू म्हणाले, "महादेवी."

पडद्यावर चार उंचवटे आले. तिनं एकेकावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळली. "ही मी?"

मी मान हलवली.

मग ती स्वतः खुर्चीवर बसली. पंधरा दिवस ती एकच शब्द घोटत होती. माझी रेघ वर, तिची खाली. माझ्या रेघेत दोन उंचवटे आणि मधे फट असायची. तिचा एकच लांब ढिगारा व्हायचा, आणि ते तिला मुळीच पटत नव्हतं. तिनं एक तळवा गळ्याला लावला, श्वास घेतला.

"अप्‌... पा."

आवाज जाडसर होता, फाटलेला. ती वडिलांकडे बघतच नव्हती. पडद्याजवळ नाक नेऊन फट नीट पडली का ते तपासत होती.

अप्पा तिच्या खुर्चीजवळ सरकले. मग म्हणाले, "परत म्हणाया सांगा."

तिनं परत म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं.

"ह्ये कागदावर निघतं का?" त्यांनी विचारलं.

मी छापून दिलं. चुरगळू नये म्हणून त्यांनी तो कागद वर्तमानपत्रात गुंडाळला. मुख्याध्यापक आल्यावर त्यांना नमस्कार केला आणि एसटी चुकेल म्हणून निघून गेले. अर्ज खिशातच राहिला. जूनमध्ये महादेवीला नववीत सोडायला तेच आले.

दिवाळीत मी नात्यातल्या कामासाठी मुखेडला गेले होते. बाजारचा दिवस होता. बांगड्यांच्या दुकानापाशी थांबले तर अप्पा एका म्हाताऱ्या बाईच्या हातात बांगड्या भरत होते. त्यांच्या मागे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तो कागद टांगलेला. म्हातारी त्याच्याकडेच बघत होती.

"दवाखान्याचा कागद हाय व्हय? छातीचा काढतेत तसला?"

"न्हाई, मावशी," अप्पा बांगडी सरकवत म्हणाले. "लेकीनं हाक मारली हाय."